टक्के लिहिलेत, पण कशाचे?

माणहून शिवाजीनगरला जाणाऱ्या मेट्रोचं काम चालू असतानाच्या बातम्या आठवा. 'अमुक टक्के काम पूर्ण.' वाचणाऱ्याला वाटतं, झालंच की! पण टक्के कशाचे? सुमारे 23 किलोमीटर लांबीचे, 23 स्थानकांचे, की खर्च झालेल्या पैशांचे? सगळे खांब उभे राहिले आणि जिने बाकी असले, तर आकडा मोठा आणि प्रवास शून्य.

पहिला शोधनिबंध इंग्रजीत लिहिताना आपणही हेच करतो. टक्केवारीची चूक बहुतेक वेळा गणिताची नसते, वाक्याची असते. आकडा बरोबर काढलेला असतो, पण त्याचा पाया वाक्यात येतच नाही.

आधी साधी गोष्ट. मराठीत 'तीस टक्के विद्यार्थी' चालतं, म्हणून आपण 'थर्टी पर्सेंट स्टुडंट्स' लिहून मोकळे होतो. 'ऑफ द' गळालं की कुठले विद्यार्थी, हेही गळतं. वर्गातले, की प्रश्नावली भरून देणारे? शिवाय 'ऑफ' नंतरचं नाम क्रियापद ठरवतं: 'थर्टी पर्सेंट ऑफ द वॉटर इज', पण 'थर्टी पर्सेंट ऑफ द विलेजर्स आर'.

आता 'बाय' आणि 'टू'. जनगणनेनुसार महाराष्ट्राची साक्षरता 2001 मध्ये 76.88 टक्के होती, 2011 मध्ये 82.34. 'इन्क्रीज्ड टू 82.34 पर्सेंट' बरोबर. 'इन्क्रीज्ड बाय 5.46 पर्सेंट' मात्र चूक, कारण 5.46 हा दोन टक्केवारींमधला फरक आहे. तिथे 'पर्सेंटेज पॉइंट्स' लिहायला हवं. 76.88 हा पाया धरला, तर वाढ सुमारे 7.1 टक्के येते. 'टक्क्यांवर' आणि 'टक्क्यांनी' हा भेद मराठी आपल्याला आयता देते. पण 'टक्क्यांनी' म्हणताना पाया कुठला, हे तीही सांगत नाही. ते तुम्हालाच सांगावं लागतं.

हा नुसता व्याकरणाचा काथ्याकूट वाटत असेल, तर पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली कोव्हिशील्ड आठवा. ही लस ऑक्सफर्ड-अ‍ॅस्ट्राझेनेकाची. तिच्या चाचण्यांचे निष्कर्ष डिसेंबर 2020 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले: परिणामकारकता 70.4 टक्के. 'सेव्हंटी पर्सेंट इफेक्टिव्ह' ऐकून सहज वाटतं, म्हणजे लस घेतलेल्या शंभरांपैकी तीस जण आजारी पडणार. मग कशाला घ्यायची?

निबंधातले मूळ आकडे बघा. लस घेतलेल्या 5,807 जणांपैकी 30 जणांना लक्षणांसह कोविड झाला, तुलनेच्या गटातल्या 5,829 पैकी 101 जणांना. म्हणजे 0.5 टक्के विरुद्ध 1.7 टक्के. 70 टक्के हे माणसांचे नव्हतेच. लस न घेतलेल्यांच्या तुलनेत आजाराचं प्रमाण किती घटलं, त्याचे ते होते. दोन शब्दांच्या वाक्प्रयोगात ही तुलना दिसत नाही आणि दंडात सुई घ्यायची की नाही, हे माणूस त्या दोन शब्दांवर ठरवतो. शास्त्रज्ञांनी मूळ संख्या छापल्या होत्या, म्हणून आज आपल्याला हा हिशेब उलगडता येतो. आपल्या मसुद्यात तेवढी तरी सोय हवी.

तेव्हा पुढचा मसुदा मार्गदर्शकांकडे पाठवण्यापूर्वी एक करा. टक्क्याचं प्रत्येक वाक्य आधी मराठीत मोठ्याने म्हणा आणि त्यात 'पैकी' किंवा 'च्या तुलनेत' घालून बघा. पुढे काय म्हणायचं ते सुचलं नाही, तर इंग्रजी सुधारत बसू नका, नोंदवही उघडा. पाया तिथे आहे. तो सापडला की मूळ संख्याही कंसात लिहा: शंभरापैकी किती, की दहापैकी किती. दहापैकी तीन जणांवरून 'थर्टी पर्सेंट' लिहिणाऱ्याला तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न कुठला येईल, ते सांगायला नको.