टप्प्यात येणे आणि टप्प्याबाहेर जाणे : लांब शस्त्रांच्या नियमांतील एक अर्थांतर

नियमग्रंथ हा सामान्यतः समीक्षेचा विषय मानला जात नाही. तथापि ज्या ग्रंथात वाक्यातील एक नाम बदलताच भालाईताचे सामर्थ्य बदलते, त्या ग्रंथाची भाषा उपेक्षणीय ठरत नाही. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नसन यांनी १९७४ साली सिद्ध केलेला 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा अद्भुतरम्य भूमिकाखेळ टेबलाभोवती बसून, संवाद करीत व फासे टाकीत खेळला जातो. त्यातील पात्राला काय करता येईल, हे अखेर नियमांची वाक्येच ठरवितात. लांब शस्त्रांच्या नियमांचा इतिहास या दृष्टीने तपासण्यासारखा आहे.

या खेळाचा पूर्वज म्हणजे गायगॅक्स व जेफ पेरेन यांचा 'चेनमेल' (१९७१) हा मध्ययुगीन युद्धाचा नियमसंग्रह. त्यातील द्वंद्वाच्या नियमांत शस्त्रांना वर्गांक दिले आहेत : खंजिराला १, तलवारीला ४, भाल्याला ८ आणि पाइक या अतिलांब भाल्याला १२. पहिला घाव चाल करून येणाऱ्याचा. परंतु बचाव करणाऱ्याचे शस्त्र दोन वर्गांनी वरचे असेल, तर तो मान बचाव करणाऱ्याचा. पुढील फेऱ्यांत मात्र दोन वर्गांनी खालचे शस्त्र धारण करणारा पहिल्या घावाचा अधिकार आपल्याकडे घेऊ शकतो. म्हणजे येथे लांबी ही अंतराच्या नव्हे, तर काळाच्या भाषेत मांडली आहे. लांब शस्त्र अगोदर लागते. शत्रू अंगाशी भिडला की आखूड शस्त्र वरचढ ठरते. लढाईचा हा अनुभव दोनच वाक्यांत सामावला गेला आहे.

२००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने काळाची जागा अवकाशाला दिली. रणभूमी बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे पाच-पाच फुटांच्या घरांत विभागली गेली. लांब भाल्याचा धाक दहा फुटांवरील घरावर असतो, लगतच्या घरावर नसतो. आणि धाकातले घर जो सोडील, त्याच्यावर एक जादा प्रहार करण्याची संधी भालाईताला मिळते. आता भालाईताला भिडू पाहणाऱ्या शत्रूला दहा फुटांवरील घरात शिरून ते सोडावेच लागते, आणि तेथेच तो भाल्याच्या टोकाशी सापडतो. सावधपणे टाकलेले पाच फुटांचे एकच पाऊल या नियमातून मुक्त आहे.

२०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीत क्रियापद तेच राहिले. 'घर' या नामाच्या जागी 'टप्पा' हे नाम आले. शत्रू 'टप्प्याबाहेर' गेला, तरच जादा प्रहार. लांब शस्त्र धारकाच्या टप्प्यात पाच फुटांची भर घालते. वरकरणी हे केवळ सुलभीकरण वाटते. परिणाम मात्र विपरीत आहे. दहा फुटांवरून पाच फुटांवर येणारा शत्रू टप्प्याबाहेर जातच नाही. म्हणून तो निर्वेध भिडतो. उलट लगतचा शत्रू पाच फूट मागे सरला, तर तलवारवाला त्याच्यावर प्रहार करू शकतो. लांब शस्त्रवाल्याच्या टप्प्यातच तो अद्याप असल्याने त्याला मात्र ती संधी नाही. शस्त्र जितके लांब, तितका शत्रूचा संचार मोकळा, असा हा विरोधाभास होय.

मराठीत 'टप्प्यात येणे' हा प्रयोग शिकारीच्या संदर्भात रूढ आहे. सावज टप्प्यात आले, की प्रहाराचा क्षण आला. भाल्याची मूळ कल्पना याच प्रवेशाशी निगडित आहे, आणि नव्या नियमाने दखल घेतली ती निर्गमनाची. ही उणीव त्याच ग्रंथाने अन्यत्र भरून काढली आहे : लांब दांड्याच्या शस्त्रांत प्रावीण्य मिळविण्याचा एक ऐच्छिक गुण पात्राने घेतल्यास, टप्प्यात प्रवेश करणाऱ्यावरही त्याला प्रहार करता येतो. २०२४ सालच्या सुधारित ग्रंथातही ही तरतूद प्रावीण्याच्याच सदरात राहिली. परिणामी जो गुण वस्तूचा होता, तो व्यक्तीचा झाला. साध्या शिपायाच्या हाती दिलेला पाइक आता चाल करून येणाऱ्याला रोखीत नाही.

तिसऱ्या आवृत्तीची मांडणी निर्दोष होती, असा याचा अर्थ नव्हे. लगतच्या शत्रूवर भालाईताला मुळीच प्रहार करता येऊ नये, हे अतिरेकी आहे. दांडा आखडून धरण्याची साधी युक्ती तीत बसत नाही. शिवाय धाकातली घरे मोजता मोजता खेळ रेंगाळतो. नव्या आवृत्तीने हे दोन्ही दोष दूर केले, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्यासाठी भाल्याचा प्रमुख गुण खर्ची घालण्याचे कारण नव्हते. लगतच्या शत्रूवरील प्रहाराची मुभा कायम ठेवून 'टप्प्यात येणे' हेही संधीचे निमित्त मानणारे एक वाक्य सर्व लांब शस्त्रांना लागू केले असते, तर सुलभता व सार्थता या दोहोंचा मेळ बसला असता. नियमाची भाषा संक्षिप्त असावी हे खरे. परंतु संक्षेप करताना कोणते नाम गाळले जात आहे, याचे भान नियमकर्त्याने ठेवणे अगत्याचे आहे.