सत्याची उसनी मुद्रा

मराठी संवादात 'ॲक्च्युअली', 'इन फॅक्ट', 'ॲज अ मॅटर ऑफ फॅक्ट' यांसारखे प्रयोग आले, की आपली समीक्षा ते पात्राच्या वर्गाचे निदर्शक मानते किंवा भाषेच्या ऱ्हासाचा पुरावा. दोन्ही स्पष्टीकरणांत एक प्रश्न निसटतो: हे प्रयोग वाक्यात नेमके कोणते कार्य करतात?

जे. एल. ऑस्टिनने 'सेन्स अँड सेन्सिबिलिआ' (१९६२) मध्ये दाखविले आहे, की 'खरे' हा शब्द स्वतंत्रपणे कोणताही गुण सांगत नाही. कोणते खोटेपण वगळले जात आहे हे कळल्यावरच त्याला अर्थ येतो. त्याच न्यायाने 'इन फॅक्ट' म्हणणारा समोरच्याच्या ठायी एक गैरसमज गृहीत धरतो आणि तो दुरुस्त करण्याचा अधिकार स्वतःकडे घेतो.

हे कार्य करण्यास मराठी असमर्थ आहे काय? मुळीच नाही. 'मुळात', 'उलट', 'खरे पाहता' आणि नुसता 'च' यांनी ते सहज साधते. भेद आहे तो सत्याचा जामीन कोण, यात. 'खरं सांगायचं तर' म्हणताना सांगणारा स्वतः जामीन राहतो. 'म्हणे' जोडून तो जबाबदारी झटकतो. 'ॲज अ मॅटर ऑफ फॅक्ट' मध्ये मात्र सांगणाराच अदृश्य होतो. बोलते ती जणू वस्तुस्थिती. न्यायालय, कचेरी आणि विद्यापीठ यांतून आलेल्या इंग्रजीची संस्थात्मक मुद्रा त्या विधानावर उमटते.

या मुद्रेचे सामर्थ्य तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) या नाटकात दिसते. शीर्षकातला 'कोर्ट' हा शब्दच सूचक आहे. खेळ म्हणून मांडलेल्या खटल्यात बेणारेविषयीची कुजबुज साक्षीच्या साच्यात पडते आणि पुरावा ठरते. बेणारे आपली बाजू मांडते तेव्हा रंगमंचावरील इतर पात्रे गोठलेली असतात. तिचे सत्य प्रेक्षक ऐकतात, ते कोर्ट ऐकत नाही. गैरसमज दूर करण्याचा अधिकार ज्याच्याकडे मुद्रा आहे त्यालाच मिळतो, ही त्या रचनेतील भीषणता आहे.

अर्थात, प्रत्येक 'ॲक्च्युअली' मागे सत्ता शोधणे अतिरेकी होईल. नित्य वापराने तो शब्द झिजला आहे. पुष्कळदा तो बोलण्यापूर्वीचा खाकरा असतो, कधी मतभेदाची धार बोथट करणारा संकोचही असतो. म्हणूनच इंग्रजी शब्दांची गणती करून काहीही सिद्ध होत नाही. कोण कोणाचा गैरसमज दुरुस्त करीत आहे, आणि ऐकणाऱ्यास उत्तर देण्याची मुभा आहे काय, हे प्रत्येक ठिकाणी पाहावे लागते.

हीच कसोटी आपल्या गद्यालाही लावली पाहिजे. समीक्षक 'वस्तुतः' लिहितो तेव्हा संस्कृताची मुद्रा तेच काम करीत नाही ना? तसे असेल, तर प्रश्न उसन्या भाषेचा उरत नाही. तो जामीन न राहता सत्य सांगू पाहणाऱ्या लेखकाचा होतो.