एका आकड्याचा रिपोर्ट

पुस्तकांची परीक्षणे आपण नेहमी वाचतो. या वेळी आम्ही एका निराळ्या छापील मजकुराचे परीक्षण करणार आहोत. तो बहुतेक घरांत सापडतो, त्यासाठी पैसे मोजावे लागतात, पण नीट वाचला मात्र जात नाही. तो म्हणजे रक्ततपासणीचा रिपोर्ट.

भाईंदर पूर्वेचे गोडदेव हे एकेकाळचे गाव आता शहरात पुरते मिसळले आहे. तिथे राहणाऱ्या, पण माहेर-सासर दोन्ही विदर्भातले असलेल्या एका शिक्षिकाबाईंनी आपला रिपोर्ट आम्हाला दाखवला. उपाशीपोटी साखर १३४, जेवणानंतर २०६, आणि एचबीएवनसी ५.६ टक्के. पहिले दोन आकडे मधुमेहाकडे बोट दाखवतात, तिसरा म्हणतो सारे ठीक आहे. 'तीन महिन्यांची सरासरी चांगली आहे ना!' असे म्हणून बाईंनी औषध लांबणीवर टाकले. पुढे डॉक्टरांनी दुसऱ्या पद्धतीने तपासणी करवली, तेव्हा उलगडा झाला. बाईंच्या रक्तात नेहमीच्या हिमोग्लोबिनबरोबर हिमोग्लोबिन एस होते. त्या सिकलसेलच्या वाहक होत्या, आणि पहिल्या पद्धतीचा हिशेब तिथेच चुकला होता.

हे कसे घडते? हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. पहिले व्हॅलिन. रक्तातले ग्लुकोज कोणत्याही विकराच्या मदतीशिवाय, हळूहळू, या पहिल्या व्हॅलिनला चिकटते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून चिकटलेल्या ग्लुकोजचे प्रमाण मागील दोन-तीन महिन्यांची साखर सांगते. मधुमेहींच्या रक्तातला हा वेगळा अंश १९६८ साली इराणचे सॅम्युएल रहबर यांनी नजरेस आणला. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ६.५ टक्के ही मधुमेहाच्या निदानाची रेषा मान्य केली.

आता त्याच साखळीवर सहाव्या जागी या. तिथे ग्लुटॅमिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले की हिमोग्लोबिन एस तयार होते. लायनस पाउलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये सिकलसेलला रेणूचा आजार म्हटले, आणि पुढे काही वर्षांतच व्हर्नन इनग्रॅम यांनी हा एका अमिनो आम्लाचा फरक शोधला. म्हणजे मधुमेहाची खूण पहिल्या जागी आणि सिकलसेलची सहाव्या!

बऱ्याच लॅबमधले यंत्र हिमोग्लोबिनचे प्रकार विद्युतभारावरून वेगळे करते. ऋणभारित कणांनी भरलेल्या नळीतून रक्ताचे द्रावण सोडतात. ग्लुकोज चिकटलेल्या हिमोग्लोबिनचा धनभार घटतो, म्हणून ते लवकर बाहेर पडते. हिमोग्लोबिन एसने ऋणभाराचे ग्लुटॅमिक आम्ल गमावलेले असते, म्हणून ते नळीत जास्त वेळ रेंगाळते. कागदावर एकेका प्रकाराचे शिखर उमटते. साखर आणि वेगळे हिमोग्लोबिन, दोन्ही एकाच आलेखात!

आमची पहिली तक्रार इथेच आहे. पुष्कळ रिपोर्टांत हा आलेख छापतच नाहीत, एकच आकडा देतात. दुसरी तक्रार अशी की तपासणीची पद्धत लिहिलेली नसते. आजच्या बऱ्याच प्रमाणित पद्धती वाहकांच्या बाबतीत भरवशाचा आकडा देतात, पण सगळ्याच देत नाहीत. कोणती वापरली हे कळल्याशिवाय डॉक्टरांनी ठरवायचे कसे? तिसरी तक्रार, आकड्याखाली 'सरासरी ग्लुकोज' मोठ्या ऐटीत छापतात. ते वेगळे मोजलेले नसते, एचबीएवनसीला २८.७ ने गुणून ४६.७ वजा केलेले असते. ७ टक्क्यांना १५४ येतात. मूळ आकडा चुकला तर हाही चुकणारच.

पद्धत बिनचूक असली तरी आकडा फसवू शकतो. सिकलसेलच्या रुग्णात तांबड्या पेशी लवकर मरतात, ग्लुकोज चिकटायला वेळच मिळत नाही, आणि आकडा खोटा कमी येतो. शिवाय दोन्ही जनुके एस प्रकारची असतील तर नेहमीचे हिमोग्लोबिन ए बनतच नाही, मग एवनसी मोजायचे कशाचे? याउलट लोहाच्या कमतरतेच्या पंडुरोगात आकडा खोटा वाढू शकतो. अशा वेळी नुसती साखर किंवा फ्रुक्टोसामीन तपासणे शहाणपणाचे.

न्याय करायचा तर हेही सांगायला हवे की काही लॅब आलेख देतात, पद्धत लिहितात, आणि अनोळखी शिखर दिसले तर तशी टीपही जोडतात. एवढेच सर्वांनी केले तरी पुरे. त्याला वेगळे यंत्र लागत नाही, दोन ओळींची शाई लागते.

त्या दोन ओळींचे मोल केवढे, ते बाईंच्याच घरात दिसले. त्यांच्या मुलीचे लग्न ठरत होते. वाहक असणे हा आजार नव्हे, लाज वाटण्याचे तर काहीच कारण नाही. परंतु आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा तपासणी हाच पाया आहे. मुलीची तपासणी आता वेळेत होणार आहे.

शिक्षक मित्रांनो, आनुवंशिकता शिकवताना आपण फळ्यावर चौकट काढतो आणि थांबतो. पुढच्या वेळी नाव झाकलेला एक रिपोर्ट वर्गात न्या. आकडा कोणी, कशाने, कोणत्या पद्धतीने काढला, हे मुलांना विचारा. आकड्याला प्रश्न विचारणे हाही विज्ञानाचाच पाठ आहे.