अरण्यांतील तांबडा रंग

जगांतील नामांकित तांबड्या वास्तूंची आणि वाहनांची यादी करण्याची हौस अलीकडे फार वाढली आहे. दिल्लीचा लाल किल्ला, लंडनची दुमजली बस, सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल, मॉस्कोचा लाल चौक, अशीं नांवें एका माळेंत ओवलीं कीं संग्राहकाचें काम संपतें. टीकाकाराचें काम मात्र तेथून सुरू होतें. तांबडेपणा हा स्वतः कांहीं गुण नव्हे. ती एक योजना आहे. ती कोणीं केली, कोणासाठीं केली, आणि तिनें काय साधलें, हें विचारल्यावांचून रंगाविषयीं बोलण्यांत अर्थ नाहीं. हीच कसोटी चंद्रपूर व गडचिरोली या अरण्यमय जिल्ह्यांस लावून पाहावी, असा आमचा विचार आहे.

कसोटी नीट कळावी म्हणून दोन परदेशी उदाहरणें घेऊं. इंग्लंडांतील टपालपेट्या एके काळीं हिरव्या असत. त्या लोकांस चटकन दिसत नाहींत अशा तक्रारी झाल्या, व १८७४ पासून त्यांस तांबडा रंग देण्यास आरंभ झाला. येथें रंग हा पत्र टाकणाऱ्याचा सेवक आहे. गोल्डन गेट पूल १९३७ सालीं खुला झाला. त्यावर काळेपिवळे पट्टे असावे, अशी अमेरिकेच्या नौदलाची इच्छा होती. परंतु आयर्व्हिंग मॉरो या वास्तुशिल्पज्ञाच्या मनांत लोखंडावरील तांबूस अस्तराचा रंगच भरला. तो भोंवतालच्या टेकड्यांशीं जुळतो आणि धुक्यांतही दिसतो. येथें रंग हा त्या स्थळाचा मित्र आहे. म्हणजे रंग लोकांच्या उपयोगीं पडतो काय, आणि तो ज्या भूमीवर उभा आहे तिच्याशीं त्याचें कांहीं नातें आहे काय, हे दोन प्रश्न झाले.

आतां चंद्रपुराकडे वळूं. शहराच्या जटपुरा दरवाजापाशीं उभें राहिलें असतां गोंड राजांच्या परकोटाची भव्यता ध्यानांत येते. दगडाला कोणताही भडक रंग नाहीं. दरवाजावर हत्तीला नमविणारा सिंह कोरला आहे, आणि त्या एका शिल्पानें सत्तेविषयीं सांगावयाचें तें सर्व सांगून टाकलें आहे. राणी हिराईनें पति बीरशहा याच्या स्मरणार्थ बांधविलेली समाधि पाहिली तरी हाच अनुभव येतो. ज्याला आकार साधला आहे, त्याला रंगानें ओरडावें लागत नाहीं.

याच्या अगदीं उलट उदाहरण शेजारच्या गडचिरोलींत आहे. हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपुरांतून वेगळा झाला. त्यापूर्वींच, १९८० च्या सुमारास, नक्षलवादी दलें नदी ओलांडून या अरण्यांत शिरलीं होतीं. पुढील काळांत त्यांनीं आपल्या मृत सहकाऱ्यांचीं स्मारकें वाटेवाटेवर उभारलीं. चौथरा, त्यावर निमुळता होत गेलेला स्तंभ, त्यावर कोयता व हातोडा, आणि सर्वांगास तांबडा रंग, असा त्यांचा सामान्य घाट. चारू मजुमदार यांचें निधन २८ जुलै १९७२ रोजीं झालें. त्या दिवसापासून ३ ऑगस्टपर्यंतचा आठवडा पाळण्याची त्या चळवळीची रीत पडली, आणि या स्तंभांचें प्रयोजनही बहुधा तेव्हां असे.

हीं बांधकामें टीकेस पात्र तरी आहेत काय, असें कोणी विचारील. आमच्या मतें आहेत. कारण हिरव्या दाट रानांत एकाएकीं उभा ठाकणारा तो तांबडा स्तंभ परिणामकारक असतो, हें नाकारण्यांत प्रामाणिकपणा नाहीं. माडिया लोकांत मृताच्या स्मरणार्थ दगड उभा करण्याची चाल फार प्राचीन आहे. स्मृति दगडांत ठेवावी हें त्या माणसांस शिकवावें लागत नाहीं, आणि या जुन्या भावनेचा लाभ त्या स्तंभांस खचित मिळाला असावा. परंतु माडियांचा दगड हा घरच्या माणसानें घरच्या माणसासाठीं रोविलेला असतो. तो कोणास भीति घालीत नाहीं. त्या स्तंभाचा आकार मात्र परका, चिन्ह परकें, आणि रंग हा वाटसरूला दिलेला इशारा. तो वाट दाखवीत नाहीं. ही वाट कोणाची आहे एवढेंच सांगतो.

दुसरा दोष याहून गंभीर आहे. स्मारक ज्यांस वगळतें त्यांवरूनही त्याची परीक्षा होते. १ मे २०१९ रोजीं जांभुळखेड्यापाशीं सुरुंगाच्या स्फोटांत १५ पोलीस व त्यांचा वाहनचालक मृत्यु पावले. खबऱ्या असल्याच्या संशयावरून मारले गेलेले आदिवासी तर कितीतरी. यांपैकीं कोणाचेंही नांव त्या स्तंभांवर असणें शक्य नव्हतें. एकाच बाजूचें रक्त रक्त मानणारा तांबडा रंग कलेच्या दृष्टीनेंही अपुरा आहे, कारण तो खरें अर्धेंच सांगतो.

पोलिसांनीं असे अनेक स्तंभ पाडले. कोठें कोठें गांवकऱ्यांनींही पाडले. तें योग्यच झालें, असें आम्ही म्हणतों. तथापि स्तंभ पाडल्यानें जागा रिकामी होते, भरत नाहीं. ती कशानें भरावयाची हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचें एक उत्तर, योगायोगानें, तांबड्याच रंगांत मिळालें आहे.

१ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धांवली तेव्हां ती निळी व रुपेरी होती. तांबडा रंग नंतर आला, आणि लोकांनीं तिला प्रथम 'लाल डबा' व मग लाडानें 'लालपरी' म्हटलें. १ जानेवारी २०२५ रोजीं अहेरी तालुक्यांतून गर्देवाड्याकडे जाणारी गाडी सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनीं त्या मुलुखानें प्रथमच एस. टी. पाहिली. ही गाडी कोणी स्मारक म्हणून बांधली नाहीं. तिच्या पत्र्यास पोंचे पडतात, खिडक्या खडखडतात. तरीही आमच्या दोन्ही प्रश्नांस ती उतरते. बाळंतिणीला दवाखान्यांत, मुलाला शाळेंत, मोहाच्या टोपलीला बाजारांत नेणें हें तिचें काम. आणि दुरून झाडींत तांबडें कांहीं हललें कीं माणसें पळून न जातां रस्त्यावर येतात, हें तिचें या भूमीशीं जडलेलें नातें. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत भूपति या नांवानें ओळखला जाणारा ज्येष्ठ नेता साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलींत शरण आला. गाडीमुळें तो शरण आला असें म्हणणें भाबडेपणाचें होईल. परंतु दोन तांबड्या रंगांपैकीं कोणता टिकावयाचा, याचा निकाल त्या एका वर्षांत बराच स्पष्ट झाला.

येथेंच लेख संपविला असता तर वाचकांस तो गोड वाटला असता. पण त्याच रस्त्यांवर तिसरा एक तांबडा रंग आहे. सुरजागडच्या डोंगरांतील लोहखनिजाचे ट्रक आलापल्लीकडून जातात, आणि त्यांची धूळ पानांवर, भातावर, घरांच्या भिंतींवर बसते. डिसेंबर २०१६ मध्यें नक्षलवाद्यांनीं तेथें सत्तराहून अधिक वाहनें जाळलीं. त्या आगीचें समर्थन होऊं शकत नाहीं. परंतु धुळीचेंही होऊं शकत नाहीं. हा रंग कोणी योजिला नाहीं, आणि म्हणूनच त्याची जबाबदारी घेण्यास कोणी पुढें येत नाहीं.

आमचा अभिप्राय थोडक्यांत असा. स्तंभाचा तांबडा रंग भीतीचा होता, तो गेला तें बरें झालें. धुळीचा तांबडा रंग बेपर्वाईचा आहे, तो जावयास हवा. गाडीचा रंग मात्र राहावा. पण पहिल्या दिवशीं फुलांचे हार घातलेल्या गाडीवरून त्याची परीक्षा करूं नये. पावसाळ्यांत नाले भरले असतां, दुसऱ्या वर्षाच्या श्रावणांत, ठरलेल्या वेळीं ती गर्देवाड्यास येते कीं नाहीं हें पाहावें. येत असेल, तर जगांतील तांबड्या आश्चर्यांच्या यादींत तिचें नांव घालण्यास आमची हरकत नाहीं.