संप्रेरक : कारण की परिणाम?

अंतःस्रावी ग्रंथींचा धडा शिकवताना आपण फळ्यावर एक तक्ता काढतो. पहिल्या रकान्यात ग्रंथी, दुसऱ्यात संप्रेरक, तिसऱ्यात त्याचे कार्य. वृषण, टेस्टोस्टेरॉन, पुरुषी लक्षणे. अधिवृक्क, अ‍ॅड्रेनॅलिन, संकटाच्या वेळी शरीराची तयारी. तक्ता सोपा आहे, परीक्षेलाही सोयीचा आहे. पण तो नकळत आणखी एक गोष्ट शिकवून जातो. ग्रंथी स्रवते, संप्रेरक हुकूम सोडते आणि माणूस त्याप्रमाणे वागतो. भोवतालच्या माणसांचा, नात्यांचा आणि भीतीचा परिणाम उलट ग्रंथींवर होतो, हे त्या तक्त्यात कुठेच येत नाही. विद्यार्थ्याने तक्ता असा पाठ केला तर फार बिघडत नाही. संशोधकांनीच तो पाठ केला तर काय होते, ते आम्हाला येथे तपासायचे आहे. त्यासाठी उदाहरण घेतले आहे ते समलिंगी व्यक्तींविषयीच्या संशोधनाचे. वर्गात हा विषय बहुधा टाळला जातो. तरीही संशोधनपद्धतीतील चुका इतक्या उघडपणे दाखवणारे दुसरे उदाहरण सहजी सापडणार नाही.

टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक १९३५ साली वेगळे करण्यात आले आणि त्याच वर्षी ते प्रयोगशाळेत तयारही झाले. त्यानंतरचा तर्क सरळ होता. पुरुषाला स्त्रीचे आकर्षण 'पुरुषी' संप्रेरकामुळे वाटते. मग ज्याला पुरुषाचे आकर्षण वाटते त्याच्यात हे संप्रेरक कमी असले पाहिजे. ते टोचले की काम झाले! ग्लास आणि जॉन्सन या अमेरिकी डॉक्टरांनी या उपचाराचे निष्कर्ष १९४४ साली प्रसिद्ध केले. आकर्षणाची दिशा तर बदलली नाहीच, पण काही जणांमध्ये मूळचीच इच्छा अधिक तीव्र झाली. इंग्लंडमध्ये याच्या बरोबर उलटे झाले. गणितज्ञ अ‍ॅलन ट्यूरिंग यांना १९५२ साली समलिंगी संबंधांबद्दल दोषी ठरवण्यात आले आणि तुरुंगवास टाळण्यासाठी त्यांना कृत्रिम स्त्रीसंप्रेरक घ्यावे लागले. एकाच 'विकारा'वर एकीकडे पुरुषसंप्रेरक आणि दुसरीकडे स्त्रीसंप्रेरक! इच्छेची तीव्रता आणि इच्छेची दिशा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे दोन्हीकडच्या लोकांनी लक्षात घेतले नव्हते.

तरीही कल्पना मेली नाही. १९७१ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नामांकित नियतकालिकात कोलोडनी, मास्टर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध आला. त्यांनी १८ ते २४ वर्षे वयाच्या ३० समलिंगी विद्यार्थ्यांच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन मोजले आणि त्याची ५० भिन्नलिंगी पुरुषांशी तुलना केली. ज्यांचे आकर्षण पूर्णपणे किंवा जवळजवळ पूर्णपणे पुरुषांकडे होते, त्यांच्यात टेस्टोस्टेरॉन बरेच कमी आढळले. बातमी व्हावी असाच हा निष्कर्ष होता.

हा निबंध आपण वर्गात एखादा प्रयोग तपासतो तसा तपासू. रक्तातील टेस्टोस्टेरॉन दिवसभर सारखे नसते. सकाळी अधिक, संध्याकाळी कमी असते. झोप, आजारपण, औषधे, नशा या सगळ्यांचा त्यावर परिणाम होतो. म्हणजे दोन गटांत फरक दिसला, तर तो लैंगिक कलाचा की राहणीचा, हे आधी ठरवावे लागते. याच कोलोडनींनी १९७४ साली त्याच नियतकालिकात असे लिहिले, की गांजाच्या नियमित सेवनाने तरुणांमधील टेस्टोस्टेरॉन घटते. (तो निष्कर्षही पुढे वादात सापडला, ही गोष्ट वेगळी.) १९७० च्या सुमारास अमेरिकी विद्यापीठांत गांजा दुर्मीळ नव्हता. अशा वेळी प्रयोगातील दोन गट इतर सर्व बाबतींत सारखे आहेत असे गृहीत धरणे धाडसाचेच होते. इतर प्रयोगशाळांनी हीच मोजमापे करून पाहिली, तेव्हा निष्कर्ष टिकला नाही. मायर-बालबुर्ग यांनी १९७७ साली तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. प्रौढ समलिंगी पुरुषांपैकी बहुतेकांचे टेस्टोस्टेरॉन इतर पुरुषांइतकेच असते, असे त्यातून दिसले.

पण आम्हाला यापेक्षा महत्त्वाचा वाटतो तो एक शेजारचा निबंध. १९७२ साली क्रॉइझ, रोझ आणि जेनिंग्ज यांनी लष्करी अधिकारी होण्यासाठी प्रशिक्षण घेणाऱ्या १८ तरुणांचे टेस्टोस्टेरॉन मोजले. प्रशिक्षणाच्या सुरुवातीच्या काळात, जेव्हा ओरडा, अपमान आणि काढून टाकले जाण्याची धास्ती सर्वांत जास्त असते, तेव्हा ते बरेच खाली होते. शेवटच्या आठवड्यांत ताण ओसरला आणि ते वर चढले. तीच माणसे, त्याच ग्रंथी. बदलली होती ती परिस्थिती. आता हा निबंध १९७१ च्या निबंधाशेजारी ठेवून पाहा. समजा, त्या ३० विद्यार्थ्यांमध्ये टेस्टोस्टेरॉन खरोखरच कमी होते. अमेरिकेत तेव्हा समलैंगिकता बहुतेक राज्यांत गुन्हा होती, आणि मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत १९७३ पर्यंत ती विकार म्हणून नोंदलेली होती. उघडकीला येण्याच्या धास्तीत रोज जगणाऱ्या तरुणाचे संप्रेरक घटले, तर त्यातून त्याच्या आकर्षणाचे कारण सापडले असे कसे म्हणणार? सापडला असेल तर तो त्या धास्तीचा परिणाम. आकडा तोच राहतो, अर्थ मात्र उलटा होतो.

हा उलटा प्रश्न संशोधकांनी गंभीरपणे हाती घेतला तो बऱ्याच उशिरा. इलान मेयर यांनी २००३ साली अनेक पाहण्यांचे निष्कर्ष एकत्र करून दाखवले, की समलिंगी आणि उभयलिंगी व्यक्तींमध्ये मानसिक विकारांचे प्रमाण इतरांच्या सुमारे अडीच पट आहे. जुन्या मताचा माणूस यावर म्हणेल, 'पाहा, म्हणजे हा विकारच आहे.' मेयर यांचे स्पष्टीकरण वेगळे होते. हेटाळणी, ती केव्हा होईल याची सततची वाट पाहणे, लपवाछपवी आणि स्वतःविषयी मनात मुरलेली घृणा, यांचा एक जादा ताण अल्पसंख्य गटावर असतो. नेहमीचे ताण सर्वांनाच असतात. हा त्यांच्यावर आणखी पडतो.

हा ताण शरीरात दिसतो का? माँट्रियलच्या जस्टर आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली ८७ स्त्री-पुरुषांच्या लाळेतील कॉर्टिसॉल मोजले. कॉर्टिसॉल हे ताणाच्या वेळी अधिवृक्क ग्रंथीतून स्रवणारे संप्रेरक आहे. ज्यांनी आपला कल घरी आणि मित्रांना पूर्णपणे सांगितला होता, त्यांच्यात उठल्यानंतर अर्ध्या तासाने मोजलेले कॉर्टिसॉल न सांगणाऱ्यांपेक्षा कमी होते. चिंता-उदासीची लक्षणेही कमी होती. निष्कर्ष आम्हाला पटण्याजोगा वाटतो. पण पटतो म्हणून कसोटी सैल करता येत नाही. ८७ पैकी समलिंगी व उभयलिंगी ४६ च होते. त्यांचे पुन्हा सांगणारे आणि न सांगणारे असे भाग पाडले की प्रत्येक गट लहान होतो. शिवाय बाणाचा प्रश्न येथेही सुटत नाही. सांगितल्यामुळे कॉर्टिसॉल उतरले, की ज्यांची घरची माणसे समजूतदार आणि मन मुळात स्वस्थ, तेच सांगू शकले? १९७१ च्या निबंधाला लावलेली कसोटी याही निबंधाला लावलीच पाहिजे.

जवळच्या नात्यांवरचे संशोधन येथे उपयोगी पडते, आणि अपुरेही पडते. ओहायोतील कीकोल्ट-ग्लेसर आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात ९० नवविवाहित जोडप्यांना चोवीस तास रुग्णालयाच्या संशोधन विभागात ठेवले, त्यांना त्यांच्याच कुरबुरींवर अर्धा तास बोलायला लावले आणि ठरावीक वेळाने त्यांचे रक्त घेतले. बोलणे जितके टोचरे, तितके अ‍ॅड्रेनॅलिनसारखे काही स्राव वाढलेले आढळले. कॉर्टिसॉलचा आणि टेस्टोस्टेरॉनचा मात्र टोचऱ्या बोलण्याशी संबंध दिसला नाही. म्हणजे 'ताण म्हणजे कॉर्टिसॉल' हे समीकरणही तक्त्यासारखेच ढोबळ आहे. येथे निदान क्रम तरी माहीत होता. आधी भांडण, मग रक्त. पण ही सर्व जोडपी स्त्री-पुरुषांची, विवाहित आणि समाजमान्य होती. ज्या जोडप्याला घरमालकापासूनही आपले नाते लपवावे लागते, त्याच्या रक्ताविषयी ती फारसे सांगू शकत नाहीत.

लपवण्याविषयी सर्वांत विचार करायला लावणारे निष्कर्ष स्टीव्ह कोल यांच्या गटाचे आहेत. त्यांनी एचआयव्हीची लागण झालेल्या समलिंगी पुरुषांचा नऊ वर्षे पाठपुरावा केला. १९९६ साली त्यांनी लिहिले, की आपला कल लपवणाऱ्यांमध्ये आजार अधिक वेगाने वाढला. येथवर सगळे अपेक्षेप्रमाणे. पण १९९७ च्या त्यांच्याच निबंधात गुंतागुंत आहे. नाकारले जाण्याने फार दुखावणाऱ्या पुरुषांमध्ये आजार वेगाने वाढत होता. मात्र त्यांच्यापैकी जे आपली ओळख लपवत होते, त्यांच्यात ही वाढ दिसली नाही. म्हणजे ज्याला नकार सोसवत नाही, त्याला लपवणे काही काळ ढालीसारखे उपयोगी पडत असावे. 'सांगून टाका, बरे वाटेल' असा सरसकट सल्ला देणाऱ्या समुपदेशकांनी, आणि विश्वासाने काही सांगणाऱ्या मुलाच्या घरी परस्पर कळवणाऱ्या शिक्षकांनी, हा निबंध अवश्य वाचावा.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये प्रौढांमधील परस्परसंमत समलिंगी संबंध गुन्ह्याच्या व्याख्येतून काढले. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली लैंगिक कल बदलण्याच्या 'उपचारां'ना व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. १९४४ साली अपयशी ठरलेल्या कल्पनेला कागदावर बंदी यायला एवढा काळ लागला.

शेवटी एक असा अभ्यास, ज्यात संप्रेरके नाहीत. हात्सेनब्युलर यांनी २०११ साली ओरेगन राज्यातील अकरावीच्या ३१,८५२ विद्यार्थ्यांची माहिती तपासली. शाळांत छळवणुकीविरुद्ध आणि भेदभावाविरुद्ध समलिंगी मुलांचे नाव घेऊन नियम आहेत का, त्यांच्यासाठी मंडळे आहेत का, अशा बाबींवरून त्यांनी प्रत्येक परगण्याचे वातावरण मोजले. वातावरण प्रतिकूल असेल तेथे समलिंगी व उभयलिंगी मुलांमधील आत्महत्येच्या प्रयत्नांचा धोका २० टक्क्यांनी अधिक होता. त्या मोजमापात परगण्याची राजकीय ठेवणही मिसळलेली आहे, त्यामुळे शाळेचा वाटा नेमका किती हे त्यातून वेगळे काढता येत नाही. आणि अनुकूल परगण्यांतही या मुलांमधील प्रमाण इतर मुलांपेक्षा बरेच जास्तच राहिले.