बालकांमधील स्लीप ॲप्निया आणि हृदयविकाराचे रक्तनिर्देशक : एक चिकित्सा

प्रस्तावना :
घोरणारे मूल गाढ झोपले आहे, असा समज आपल्याकडे रूढ आहे. वस्तुतः वाढलेल्या टॉन्सिल व ॲडिनॉइडमुळे झोपेत श्वास वारंवार अडत असल्यास तो स्लीप ॲप्निया हा विकार असतो. त्यातून शरीरात दाह वाढून पुढे हृदयविकाराचा धोका संभवतो, अशी मांडणी केली जाते व पुरावा म्हणून रक्तनिर्देशक पुढे केले जातात. या पुराव्याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन :
२००४ मध्ये अमेरिकेतील टाउमन, गोझल आदींना अशा बालकांच्या रक्तात सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन अधिक आढळले. २००५ मध्ये ग्रीसमधील कॅडिटिस व सहकाऱ्यांना तसा फरक आढळला नाही. स्थूलतेनेही दाह वाढतो. त्यामुळे दोष श्वासाचा की मेदाचा, हे केवळ या निर्देशकावरून ठरत नाही.

२०१३ च्या 'चॅट' चाचणीत ५ ते ९ वर्षांची ४६४ बालके होती. सात महिन्यांनी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७९ टक्के, तर केवळ देखरेखीखालील ४६ टक्के बालकांची निद्रातपासणी सामान्य आली. शस्त्रक्रियेच्या गटात लक्षणे व वर्तनही अधिक सुधारले. मात्र २०१५ च्या विश्लेषणात रक्तातील मेद, साखर व दाहनिर्देशकांवर शस्त्रक्रियेचा लक्षणीय परिणाम दिसला नाही. मूल सुधारले, रक्ताचे आकडे फारसे हलले नाहीत. याउलट सौम्य विकाराच्या ४५९ बालकांवरील २०२३ च्या 'पॅट्स' चाचणीत शस्त्रक्रियेनंतर रक्तदाबात अनुकूल बदल आढळला.

केवळ वजनावर विसंबणेही योग्य नव्हे. पुण्याजवळील खेड्यांतील नवजात बालके वजनाने हलकी असूनही त्यांच्यात मेदाचे प्रमाण तुलनेने अधिक असते, हे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखविले. म्हणून सडपातळ मूल धोक्यापासून मुक्त मानता येत नाही.

समारोप :
जिंतूर तालुक्यातील येलदरीसारख्या गावातील पालकास रक्तचाचण्यांचा खर्च सांगण्यापूर्वी मूल रात्री घोरते काय, श्वास थांबतो काय, तोंड उघडे ठेवून झोपते काय, हे विचारावयास हवे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांकडून अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा तपासणी अपेक्षित आहे. त्या वेळी हे प्रश्न व रक्तदाबाची नोंद सहज घेता येईल. रक्तनिर्देशक संशोधनास उपयुक्त आहेत. परंतु ते सामान्य आले म्हणून घोरणाऱ्या मुलास निरोगी ठरवून घरी पाठविणे उचित नाही.