गड एका फायलीत, रान दुसऱ्या

अकोला जिल्ह्यातील नरनाळा हा किल्ला आहे आणि अभयारण्यही. किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत मोडतो. भोवतालचे १२.३५ चौरस किलोमीटर रान १९९७ साली अभयारण्य झाले आणि ते आज मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या कक्षेत येते. पायथ्याच्या शहानूर गावातून वर जाणाऱ्या माणसाला मात्र या दोन जागा दिसत नाहीत. त्याच्या दृष्टीने हे सुट्टीत मुलाबाळांसह हिंडायचे एकच ठिकाण, म्हणजे व्यवहारात एक सार्वजनिक उद्यानच असते.

अशा उद्यानाचा आराखडा कसा असावा? आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर बहुधा 'सुशोभीकरण' या एका शब्दात मिळते. हिरवळ, कारंजे, सिमेंटचे ठोकळे बसवलेली वाट, रंगीत दिवे आणि दाराशी फायबरचा वाघ. (खरा वाघ ज्या डोंगरात आहे तेथे फायबरचा कशाला, हे आम्हाला अजून उमगलेले नाही.) त्यापलीकडे विचार झालाच तर तो दोन वेगळ्या फायलींत होतो. एकीत दरवाजे, बुरूज आणि शिलालेख. दुसरीत साग, अस्वले आणि पाणवठे. आमचा आक्षेप या विभागणीवर आहे. कारण नरनाळ्याचा सर्वांत महत्त्वाचा भाग या दोन फायलींच्या मधल्या फटीत पडतो. तो भाग म्हणजे गडावरचे पाणी.

गडावर आधी पाहायला नेतात तो महाकाली दरवाजा. वालुकाश्मात कोरलेली कमळे, दगडी जाळ्यांचे सज्जे आणि १४८७ सालचा शिलालेख असलेले हे काम पाहण्याजोगे आहे यात शंका नाही. पण दरवाजा तहान भागवत नाही. जाफराबाद आणि तेलियागड हे दोन जोडकिल्ले धरून एवढा मोठा गड नांदता राहिला तो माथ्यावरच्या तळ्यांमुळे. सक्कर तलावासारखी उघडी तळी, दगडी छताखालची टाकी आणि पाणी त्यांच्यापर्यंत आणणाऱ्या दगडी पाटांचे अवशेष अजून ओळखू येतात. खाली पूर्णेच्या खोऱ्यात काय स्थिती आहे ते वऱ्हाडातल्या वाचकाला सांगायला नको. खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. गडावर गोडे पाणी होते, कारण ते थेट पावसाचे होते आणि काळ्या बसाल्टवर अडवलेले होते.

येथे थोडे गणित करू. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. वर्षाचा पाऊस हिशेबाच्या सोयीसाठी १००० मिलिमीटर, म्हणजे एक मीटर, धरू. म्हणजे एका हेक्टरवर दहा हजार घनमीटर, अर्थात एक कोटी लिटर पाणी पडते. त्यातला चौथा भाग जरी वाहत तळ्यात आला तरी पंचवीस लाख लिटर झाले. हे जमेचे झाले. खर्चाची बाजू अशी, की मे महिन्यात उघड्या पाण्याची पातळी नुसत्या बाष्पीभवनाने दिवसाला सुमारे एक सेंटीमीटर उतरते. पावसाळा संपल्यापासून पुढच्या जूनपर्यंत दीड-दोन मीटर पाणी असे उडून जाते. तीन मीटर खोल तळे हा तोटा सोसते. तेच तळे गाळाने भरून दीड मीटरवर आले, तर सर्वांत गरज असते त्याच दिवसांत ते कोरडे पडते. छत असलेल्या टाक्यातले पाणी उन्हावाऱ्यापासून वाचते, म्हणून फार कमी उडते. ज्यांनी ही टाकी झाकली त्यांना हा हिशेब ठाऊक होता, असे मानायला हरकत नाही.

आता त्याच तळ्याकडे दोन्ही फायलींतून पाहा. पुरातत्त्वाच्या दृष्टीने ते मध्ययुगीन बांधकाम आहे. वन्यजीवांच्या दृष्टीने ते उन्हाळ्यातला पाणवठा आहे. गाळ काढला तर दोघांचेही भले होते, पण कसा काढला यावर सगळे अवलंबून आहे. यंत्र घालून तळ एकदम खरवडला तर गाळाच्या थरांत दबलेली खापरे आणि जुन्या वनस्पतींचे परागकण जातात. तळाचा चिकण थर फुटून पाणी झिरपू लागते. आणि त्या वर्षी तळ्यातल्या बेडकांना आणि किड्यांना जागा उरत नाही. हाताने, एका वर्षी अर्धे तळे, थरांची नोंद ठेवत काढला तर काम मंद होते, पण टिकते. ही पद्धत ठरवायला पुरातत्त्वज्ञ आणि जीवशास्त्रज्ञ एकाच वेळी तळ्याच्या काठावर उभे राहावे लागतात.

झाडांबाबतचा वाद अधिक अवघड आहे. पक्षी पिंपळ-उंबराची फळे खातात, विष्ठेतून बी तटाच्या फटीत पडते, चुन्याच्या दर्जेत मूळ शिरते आणि ते जाड होऊ लागले की दगड सुटतो. दरवर्षी वरचे खोड छाटणे हा उपाय नव्हे. मूळ जिवंत राहते आणि अधिक जोमाने फुटते. महाकाली दरवाजावर एकही रोप खपवून घेऊ नये आणि ते पावसाळ्यानंतर लगेच, बोटाएवढे असतानाच काढावे, असे आमचे मत आहे. पण आधीच ढासळलेल्या एखाद्या बुरुजाला म्हाताऱ्या उंबराच्या मुळांनीच धरून ठेवले असेल, तर ते तोडून काय साधणार? शिवाय तो उंबर हरियालांना आणि वटवाघळांना पोसत असतो. येथे सरसकट नियम नको, जागेनुसार निर्णय हवा. हे अशक्य नाही. कंबोडियातल्या ता प्रोहम मंदिरात प्रचंड झाडे आणि भिंती एकमेकांत गुंतल्या आहेत. तेथील जतनाच्या कामात दोन दशकांपूर्वीपासून आपलेच केंद्रीय पुरातत्त्व खाते सहभागी आहे. झाड आणि दगड यांचा एकत्र विचार परदेशात जमतो, तर सातपुड्यात का जमू नये?

आपल्या देशातही चांगले उदाहरण आहे. जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी सुमारे सत्तर हेक्टर खडकाळ जमीन वेड्या बाभळीने व्यापली होती. २००६ पासून निसर्ग-अभ्यासक प्रदीप कृष्ण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती हटवून राव जोधा मरुस्थल उद्यान उभे केले. मुळे खडकात खोल गेली होती. ती काढायला यंत्र चालेना, तेव्हा स्थानिक पाथरवटांचे छिन्नी-हातोडे कामी आले. आणि मग त्या खळग्यांत लावले काय, तर थरच्या खडकाळ वाळवंटातलीच झाडे-झुडपे. गुलमोहर नाही, हिरवळ नाही. किल्ल्याच्या तटाखाली किल्ल्याच्या काळातले रान दिसावे, हा विचार आम्हाला फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे वेड्या बाभळीच्या जागी घाणेरी आहे आणि पाथरवटांच्या जागी रानाची खडान्‌खडा माहिती असलेले पायथ्याचे कोरकू. त्यांना आराखड्यात फक्त मजूर म्हणून जागा मिळते, हा आमचा आणखी एक आक्षेप.

कायदा आड येतो, असे उत्तर नेहमी मिळते. १९५८ च्या स्मारक कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीने स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि पुढच्या दोनशे मीटरपर्यंत नियंत्रण आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने अभयारण्यातल्या वनस्पतीला परवानगीवाचून हात लावता येत नाही. म्हणजे तटावरचे रोप उपटायला एका खात्याला दुसऱ्याची संमती लागते आणि पाणवठा दुरुस्त करायला दुसऱ्याला पहिल्याची. आमच्या मते हा अडथळा नसून एकत्र बसण्याची सक्तीच आहे. तिचा उपयोग मात्र काम थांबवण्याची सबब म्हणून होतो.

धामणगाव रेल्वेच्या शिक्षकांना नरनाळा फार दूर नाही. अकोल्यापर्यंत गाडी, पुढे अकोटमार्गे रस्ता. सहल न्यायची तर अभयारण्य केव्हा खुले आहे याची चौकशी आधी करावी आणि वरच्या यादीत तोफ आणि दरवाजे यांच्याबरोबर एक तळे जरूर घालावे. काठाच्या दगडी पायऱ्यांपैकी किती उघड्या आहेत ते विद्यार्थ्यांनी मोजावे, पायरीची उंची टेपने घ्यावी, तारीख लिहावी. पाण्यात उतरू नये आणि काठावरच्या पावलांच्या ठशांवर पाय देऊ नये. डिसेंबरातल्या तुकडीने घेतलेला आकडा मार्चात जाणाऱ्या तुकडीला द्यावा. दोन्हींतला फरक दिवसांनी भागला, की उन्हाने आणि गळतीने मिळून रोज किती पाणी नेले ते कळते. तो आकडा पोस्टकार्डावर लिहून दोन्ही खात्यांना पाठवावा, एकाच मजकुराची दोन कार्डे.